जुने घर न मोडता वाढविणे : गावठाणातील एक अनुभव

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. परंतु बांधलेले घर वाढवून पाहावे, असे कोणी म्हणून ठेवलेले नाही. आणि माझ्या अनुभवास आले ते असे की, नवे घर बांधण्यापेक्षा जुने वाढविणे हेच अधिक जिकिरीचे काम होय. नव्या घरास मोकळी जमीन व पैसा असला म्हणजे बहुतेक भागते. जुन्या घरात भिंतींचा विचार करावा लागतो, वाऱ्याचा करावा लागतो, आणि सर्वांत आधी भावाबहिणींचा करावा लागतो. या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांची गावे आज शहराच्या वेशीस लागलेली आहेत व पुष्कळांच्या घरी हाच प्रश्न उभा आहे. सबब स्वतःच्या घराची हकीकत, तीत झालेल्या चुकांसह, येथे देत आहे.

आमचे घर बोरिवली तालुक्यात एक्सर गावठाणात आहे. जुन्या वीरगळांमुळे हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस माहीत आहे; आम्हांस ते भाजीच्या व केळीच्या वाड्यांमुळे माहीत होते. 1957 साली बोरिवली बृहन्मुंबईत आली. 1 ऑक्टोबर 1990 पासून मुंबई उपनगर हा निराळा जिल्हा झाला व त्यात कुर्ला, अंधेरी आणि बोरिवली हे तीन तालुके आले. वाड्या गेल्या, विहिरी बुजल्या, भोवती इमारती उभ्या राहिल्या. उरले ते गावठाण. महसूल खात्यात लिपिकाचे काम करताना दुसऱ्यांच्या जमिनींचे फेरफार मी पुष्कळ लिहिले. परंतु स्वतःच्या घराच्या कागदावर बोट ठेवण्याची वेळ निवृत्तीनंतरच आली.

घर कसे होते

घर आजोबांनी 1936 साली बांधले. पूर्वेस तोंड, पुढे ओटी, मध्ये माजघर, बाजूस देवघर व स्वयंपाकघर, वर माळा, मागे परसदार आणि विहीर. भिंती दीड फूट जाडीच्या, विटा व चुन्याच्या. खांब व तुळया सागाच्या. छपरास मंगळुरी कौले. मंगळुरास बाझल मिशनने 1865 साली कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून ही चपटी, खाचेची कौले सबंध कोकणपट्टीत पसरली. आजोबांच्या घरात त्या वेळी वीज नव्हती. म्हणून पंख्यावाचून वारा व दिव्यावाचून उजेड मिळेल, अशीच त्याची बांधणी करणे त्यांस भाग होते. माजघरात समोरासमोर खिडक्या, भिंतीच्या माथ्याशी झरोके, छपरात दोन काचेची कौले आणि भिंतीपासून अडीच फूट पुढे आलेली वळचण. हे सर्व आम्ही लहानपणापासून पाहिले होते. परंतु ते कशासाठी आहे, हे कधी मनात आणले नव्हते.

2021 साली मुलाचे लग्न झाले. मातोश्री वृद्ध, आम्ही उभयता, मुलगा, सून, आणि पुढे नातवंड होणार. घर पुरेना. अशा वेळी एका बांधकाम व्यावसायिकाने निरोप धाडला की, घर पाडून मजल्यांची इमारत बांधू, प्रत्येक भावास एक सदनिका व वर रोकड देऊ. माझा धाकटा बंधू नोकरीनिमित्त परगावी असतो. त्यास ही गोष्ट पसंत पडली. मी कुंपणावर बसलो होतो, हे कबूल करतो.

प्रथम कागद

इमारत बांधा की खोली वाढवा, दोहोंस सहहिस्सेदारांच्या सह्या लागतात. गावठाणातील घरास बहुधा सातबारा नसतो. नगर भूमापन झालेल्या ठिकाणी मिळकत पत्रिका असते, व तीवर नावे कोणाची आहेत हे प्रथम पाहावे. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा, असा समज आपल्या लोकांत फार आहे. तो चुकीचा आहे. पावतीवरून कर कोणी भरला एवढेच कळते. आमच्या पत्रिकेवर वडिलांचे नाव तसेच होते. ते वारून चौदा वर्षे लोटली तरी वारसांची नोंद केली नव्हती. मी स्वतः खात्यातला मनुष्य, आणि माझ्याच घरी ही स्थिती! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

वारसांत आम्हा दोघां भावांबरोबर मातोश्री व भगिनी ही दोन नावे येत होती. रूढी अशी की, भगिनीकडून हक्कसोडपत्र लिहून घ्यावे, तिला साडीचोळी करावी, आणि विषय मिटवावा. मीही त्याच तयारीने तिच्याकडे गेलो. तिने कागद वाचला, घडी घातली व परत माझ्या हातात दिला. म्हणाली, ‘दादा, घर वाढवायला सही हवी असेल तर आत्ता करते. घर पाडायला सही हवी असेल तर करणार नाही. आणि नाव सोडायचे, तर ते कशासाठी, एवढे सांग.’ मला सांगता आले नाही. त्या दिवशी रागाने परतलो. रात्री विचार केला तेव्हा उमगले की, घर राखण्यास उभे राहिलेले एकमेव माणूस तेच होते व त्याचेच नाव काढावयास मी गेलो होतो.

येथे वाचकांच्या माहितीसाठी कायदा थोडक्यात सांगतो. हिंदू वारसा कायदा, 1956 अन्वये मृत्युपत्र न करता वारलेल्या पित्याच्या मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस आहे. 2005 च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतीतही तिला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क मिळाला. आणि पिता 2005 पूर्वी वारला असला तरी तेवढ्याने हा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी ठरविले. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबांस 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू आहे, त्यातही मुलगा व मुलगी समान आहेत. हक्कसोडपत्र करणे झाल्यास ते नोंदणीकृत असावे लागते. साध्या कागदावरील अंगठा किंवा सही उपयोगाची नाही. आम्ही ते केलेच नाही. चारही नावांची नोंद करून घेतली. बंधूने पुढे आढेवेढे घेतले, परंतु सर्वांच्या संमतीवाचून पाडापाड होत नाही हे पाहून वाढीस त्याने संमती दिली.

दुसरी गोष्ट परवानगीची. कौले बदलणे, गिलावा करणे ही दुरुस्ती. खोली काढणे ही वाढ. या दोन गोष्टी निराळ्या आहेत. वाढीस मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 अन्वये परवानगी घ्यावीच लागते. किती बांधता येईल हे विकास नियंत्रण नियमावलीत पाहावे; खाडीपलीकडील गोराई-मनोरीसारख्या गावांस किनारा नियमन क्षेत्राचेही नियम लागू आहेत. घर वारसा यादीत असल्यास आणखी काळजी घ्यावी. 1995 साली मुंबईसाठी वारसा नियम झाले, त्यांत इमारतींच्या तीन श्रेणी केल्या आहेत. पहिल्या श्रेणीत फेरबदलास जवळपास वाव नाही, तिसरीत तो अधिक आहे. आमचे घर यादीत नाही. परंतु यादीत नाही म्हणून जपण्याजोगे नाही, असे थोडेच आहे?

ऊन, वारा व नवे बांधकाम

गवंड्याने सुचविले की, माजघराच्या मागील भिंतीस लागूनच दोन खोल्या घ्याव्या व वर स्लॅब टाकावा. एक भिंत वाचेल, खर्च वाचेल. गावठाणात बहुतेकांनी असेच केले आहे, आणि म्हणूनच अशा घरांत माजघरात भर दुपारी दिवा लागतो. मागील भिंतीच्या खिडक्या बुजतात, पश्चिमेचा वारा तुटतो, आणि मधल्या खोलीत कोंडलेल्या हवेसाठी एसी आणावा लागतो. वाचविलेल्या भिंतीची किंमत मग दरमहा विजेच्या बिलात भरावी लागते.

आमच्या हवेचा स्वभाव प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. मुंबई 19 अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैअखेरीस मध्यान्हीचा सूर्य येथे थेट माथ्यावर येतो. म्हणून उन्हाळ्यात उष्णतेचा सर्वांत मोठा भार छपरावर पडतो, व त्याखालोखाल दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर. शिवाय हवा दमट. देशावर जाड भिंतीने दिवसाची उष्णता अडते आणि रात्री गारवा मिळतो. आमच्याकडे रात्रही फारशी निवत नाही, घाम वाळत नाही. तेव्हा येथे सावली आणि वाहता वारा यांवाचून सुख नाही. स्लॅब दिवसभर तापतो व तीच उष्णता रात्री निजलेल्या माणसाच्या अंगावर सोडतो. कौल पातळ असते. ते लवकर तापते, पण सूर्य मावळल्यावर लवकर निवते, आणि कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते.

अडचण ही की, आमच्याकडे त्रासाचे ऊन पश्चिमेचे आणि हवाहवासा वाराही पश्चिमेचाच. ऊन अडवावे तर वारा अडतो. यावर आजोबांच्या पिढीचाच उपाय आम्ही केला, तो म्हणजे पडवी. पश्चिमेस सात फूट रुंदीची, खाली उतरत्या कौलांची पडवी घातली व तिच्या कडेस लाकडी जाळी लावली. ऊन जाळीशी थांबते, वारा आत येतो. नव्या दोन खोल्या जुन्या घरास चिकटवल्या नाहीत; मध्ये आठ फुटांचा चौक उघडा सोडला, आणि जाण्यायेण्यास एका कडेने छप्पर घातलेली वाट ठेवली. खोल्यांच्या खिडक्या व माजघराच्या खिडक्या एका ओळीत घेतल्या. त्यामुळे संध्याकाळचा वारा पडवीतून खोलीत, खोलीतून चौकात, चौकातून माजघरात व तेथून ओटीवर येतो. न्हाणी, शौचकूप व सामानाची खोली ही नैर्ऋत्य कोपऱ्यास घातली, कारण तेथे कोणी दिवसभर बसत नाही आणि हिवाळ्यातील कलते ऊन त्या खोल्या अंगावर घेतात. परसातील आंबा तोडला नाही. शहरात झाड तोडण्यास 1975 च्या कायद्याने परवानगी लागतेच. पण कायदा नसता तरी पश्चिमेस उभी असलेली एवढी मोठी छत्री कोणता शहाणा मनुष्य मोडील?

नव्या भिंतींसाठी लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेली पद्धत वापरली. तीत विटा आडव्या न घालता कडेवर उभ्या लावतात व आतबाहेरील विटांमध्ये पोकळी ठेवतात. विटा सुमारे चौथाईने कमी लागतात, आणि पोकळीतील हवेमुळे उष्णता आत सावकाश येते. आमच्या गवंड्यास ही पद्धत नवी होती. चार हात भिंत त्याने दोनदा उतरविली, तिसऱ्यांदा साधली. नव्या भिंतीचा पाया जुन्या पायास बांधला नाही. जुने घर बसायचे तेवढे बसून गेलेले असते, नवे अजून बसावयाचे असते. दोन्ही एकत्र जखडल्यास तडा ठरलेला. म्हणून चौकाच्या वाटेच्या भिंतीतही सांधा मोकळा ठेवून वर फळी मारली.

घर वाढवावे पण त्याचा स्वभाव बदलू नये, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. ज्या साली आजोबांनी आमचे घर बांधले, त्याच 1936 साली, 30 एप्रिल रोजी, गांधीजी वर्ध्याजवळ शेगाव येथे राहावयास गेले. या गावास पुढे 1940 साली सेवाग्राम हे नाव मिळाले. तेथील प्रसिद्ध बापूकुटी मुळात मीराबेन यांची झोपडी होती. गांधीजी तीत राहू लागल्यावर गरजेप्रमाणे ती वाढविण्यात आली. माती, बांबू, लाकूड व कौले हे आसपासचेच सामान. पुढे उतरलेले छप्पर, बाजूंस पडव्या. आजही पाहणाऱ्यास जुने कोणते व वाढविलेले कोणते हे सहसा कळत नाही. वर्ध्याचा उन्हाळा आमच्याहून कितीतरी कडक आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

दोन चुका

पहिली चूक माझी. जुन्या भिंतीचा चुन्याचा गिलावा जागोजागी सुटला होता; तो काढून मी सिमेंटचा करविला. पहिल्याच पावसाळ्यानंतर भिंतीस फुगे आले व पापुद्रे पडू लागले. चुन्याची जुनी भिंत जमिनीतील ओल शोषते व हळूहळू बाहेर टाकते. सिमेंटने तिचे तोंड बंद झाले, ओल आत कोंडली. तो सर्व गिलावा खरवडून पुन्हा चुन्याचा करावा लागला. एकाच कामाचे पैसे दोनदा गेले.

दुसरी चूक छपराची. वाटेचे छप्पर जुन्या वळचणीस मिळते तेथे दोन उतार एकत्र येतात. त्या जागी सहा इंचांचे पन्हळ बसविले होते. बोरिवलीच्या पावसापुढे सहा इंच म्हणजे काय? 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, हे आपण कोणीही विसरलेलो नाही. पन्हळ भरून पाणी कौलांखाली शिरले व आजोबांच्या वेळच्या दोन वाशांची टोके कुजली. आता तेथे फूटभर रुंदीचे पन्हळ आहे, आणि मृगापूर्वी कौले चाळताना ते साफ करण्याचे काम मुलाने अंगावर घेतले आहे. तेच पाणी गाळून विहिरीत सोडतो. 100 चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तरी 100 लिटर पाणी होते. सबंध हंगामाचा हिशेब वाचकांनी स्वतः करावा.

विजेचा हिशेब

घर थंड झाल्यावरच यंत्रांकडे वळावे. तापलेल्या घरात उत्तम यंत्र आणणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे होय. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने 2018 साली राहत्या घरांसाठी जी संहिता काढली, तिचाही रोख हाच आहे की, भिंती, खिडक्या व छप्पर यांतून आत येणारी उष्णता प्रथम कमी करावी. ती 500 चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे. परंतु तत्त्व लहान घरासही तेच लागू पडते.

जुना छताचा पंखा सुमारे 75 वॅट वीज घेतो. नव्या बीएलडीसी जातीचा पंखा सुमारे 30 वॅट. चार पंखे रोज बारा तास चालले, तर दिवसाला दोन युनिटांहून थोडी अधिक व महिन्यास सुमारे 65 युनिटे वाचतात. 60 वॅटच्या जुन्या दिव्याचे काम 9 वॅटचा एलईडी दिवा करतो. दीड टनाचा एसी तासाला एक ते दीड युनिट खातो. आमच्या घरी एकच आहे, तो सूनबाईंच्या खोलीत, व मे महिन्यात बाळासाठी रात्री तीन-चार तास लागतो. अजिबात लागत नाही असे लिहिले असते तर लेख शोभला असता, पण ते खरे नाही.

नैर्ऋत्येच्या न्हाणीवर व सामानाच्या खोलीवर मात्र स्लॅब घातला आहे, बारा फूट बाय अठरा फूट. त्यावर पांढऱ्या चिनी तुकड्यांची फरशी केली, म्हणजे ऊन परतते. आणि तिच्यावर दोन किलोवॅटची सौर पॅनेले उभी केली, म्हणजे स्लॅबास सावलीही झाली. एक किलोवॅटला सुमारे 10 चौरस मीटर जागा लागते, व स्वच्छ उन्हात दिवसाला चारेक युनिटे मिळतात. पावसाळ्यात पुष्कळ कमी. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला 30,000, दोनला 60,000 व तीन किंवा अधिकला 78,000 रुपये अनुदान ठरविलेले आहे. अर्ज करण्यापूर्वी चालू नियम पाहावेत. जुन्या कौलांवर पॅनेले बसवू नयेत. कौले फुटतात, वाशांवर भार येतो, आणि दरसाल कौले चाळणे अशक्य होते.

अखेर

मातोश्री माजघरातच निजतात. नव्या खोलीत त्यांची व्यवस्था केली होती. त्या दोन रात्री राहून परत आल्या. म्हणाल्या, ‘इथला वारा मला ओळखीचा आहे.’ माजघराच्या खिडक्या गवंड्याच्या सांगण्यावरून बुजविल्या असत्या, तर त्यांस हे म्हणता आले नसते. भगिनी दिवाळीस येते तेव्हा पडवीच्या कडेच्या खोलीत उतरते, व पत्रिकेवर तिचे नाव असल्याने ती पाहुणी म्हणून उतरत नाही. बंधू मात्र अजूनही म्हणतो की, दादाच्या हौसेपायी रोकड गेली. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. त्याचा हिस्सा पत्रिकेवर कायम आहे, पण हिस्सा म्हणजे हातातला पैसा नव्हे, आणि त्याचीही मुले मोठी होत आहेत. या प्रश्नाचे उत्तर मला अद्याप सापडलेले नाही.

एवढे मात्र खात्रीने सांगतो. ज्यांच्या गावावरून उद्या शहर जाणार आहे, त्या शेतकरी बंधूंनी आजच दोन गोष्टी कराव्या. मिळकतीच्या कागदावर सर्व वारसांची, मुलींसह, नावे लावून घ्यावी. आणि घरास खोली जोडण्यापूर्वी एक उन्हाळा व एक पावसाळा घराभोवती हिंडून ऊन कोठून येते, वारा कोठून येतो व पागोळ्या कोठे पडतात हे डोळ्यांनी पाहावे. गवंडी त्यानंतर बोलवावा.